रिडेल्स गोल्डनरॉड: ओल्या कोपऱ्यात लावून चार मोसम झाले, माझा रिव्ह्यू

आमच्या घरामागे कुंपणाला लागून एक खोलगट कोपरा आहे, साधारण दहा बाय बारा फुटांचा, आणि मार्चपासून मे संपेपर्यंत तिथे पाय टाकला की बूट रुततो. आम्ही कोलंबसच्या बाहेरच्या भागात राहतो, ओहायोत, इथली माती चिकण, पाणी पोटात घेतच नाही. छपराचं पाणी पन्हाळीतून तिकडेच उतरतं आणि बेसमेंटच्या तळाला जमिनीतून झिरपलेलं जे पाणी संप पंप उपसून बाहेर टाकतो तेही तिथेच जातं. लॉनचं बी तीनदा टाकलं, तिन्ही वेळा कुजलं. एका लॅंडस्केपवाल्याने बघून सांगितलं की जमिनीत पाइप घाला, ड्रेन काढा, अडीच हजार डॉलर होतील. तेव्हा नवऱ्याने साधा प्रश्न विचारला, पाणी काढण्यापेक्षा पाण्यात राहणारं काहीतरी लावलं तर? तिथून हे सगळं सुरू झालं.

लावलं ते रिडेल्स गोल्डनरॉड, पिवळ्या फुलांचं झाड, त्याचं रेटिंग आधीच सांगते, पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

पण त्याआधी आमची पहिली चूक सांगायलाच हवी कारण ती चूक इथे खूप जण करतात. २०२० च्या सप्टेंबरात एका मोठ्या दुकानाच्या गार्डन सेक्शनमध्ये पिवळ्या तुऱ्यांची कुंडी दिसली, लेबलवर फक्त "गोल्डनरॉड, नेटिव्ह, फुलपाखरांसाठी उत्तम" एवढंच लिहिलेलं, नेटिव्ह म्हणजे मूळचं इथलंच, पण जातीचं नाव कुठेच नाही. मी साताऱ्याची, भाद्रपदात कासला सोनकीने पिवळं झालेलं पठार बघत मोठी झालेली, त्यामुळे सप्टेंबरातला तो पिवळा रंग बघितला आणि आतून हललेच, तीन कुंड्या उचलून आणल्या. पुढच्याच वर्षी ते झाड सहा फूट झालं आणि जमिनीखालून चारी बाजूंना धावलं. ज्यांनी शेतात हरळीच्या काशा वेचल्यात त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल, एक काशी ओढली की दोन फुटांवरचं रोप हलतं. ते कॅनडा गोल्डनरॉडच्या गटातलं होतं, मोकळ्या माळावर छानच आहे ते, पण छोट्या वाफ्यात दुसऱ्या कशाला जागा ठेवत नाही. युरोपात आणि चीनमध्ये तर ते बाहेरून येऊन इतकं पसरलंय की तिथे ते मोठी डोकेदुखी होऊन बसलंय. २०२१ चा अख्खा ऑक्टोबर मी ते खणून काढण्यात घालवला, आणि तरी पुढच्या वसंतात दहाबारा कोंब वर आलेच.

तर सांगायचं हे की "गोल्डनरॉड" नावाने काहीच विकत घेऊ नका. हे एक झाड नाही, शंभराच्या वर जाती आहेत, बहुतेक सगळ्या उत्तर अमेरिकेतल्याच, कोणी वाळूत राहते, कोणी जंगलाच्या सावलीत, कोणी समुद्राच्या काठी, आणि काही थोड्या जाती पाणथळीच्या. आपल्याला हवी ती जात शास्त्रीय नावानेच मागायची. मला सापडली तिचं नाव सॉलिडॅगो रिडेलाय, इंग्रजीत रिडेल्स गोल्डनरॉड. जॉन रिडेल नावाच्या डॉक्टरच्या नावावरून हे नाव पडलं. हा माणूस १८३० च्या दशकात ओहायोत शिकवायचा आणि वनस्पती गोळा करत हिंडायचा, १८३५ मध्ये त्याने "पश्चिमेकडच्या राज्यांतल्या" वनस्पतींची यादी छापली, म्हणजे तेव्हा ओहायो म्हणजे पश्चिम होतं बघा! पुढे तो न्यू ऑर्लिन्सला गेला, तिथल्या टांकसाळीत काम केलं आणि दोन डोळ्यांनी बघायचा मायक्रोस्कोपही बनवला. अशा माणसाच्या नावाचं फूल माझ्या मागच्या दारी आहे याचं मला खरंच खूप अप्रूप आहे.

रोपं मी एका छोट्या नेटिव्ह नर्सरीतून ऑनलाइन मागवली. नाव देत नाही कारण एक तक्रारही आहे. एका प्लगला साडेपाच डॉलर, दहा घेतले, वर शिपिंग अठरा. प्लग म्हणजे बोटाएवढ्या खळग्यात वाढवलेलं रोप, मुळांचा गठ्ठा चांगला लांब असतो पण वर बघायला दोनचार पानं फक्त, त्यामुळे खोका उघडल्यावर हिरमोड होतो, तो होऊ देऊ नका. तक्रार ही की एप्रिलच्या मध्यावर पाठवू म्हणाले आणि आलं मेच्या तिसऱ्या आठवड्यात, त्या दिवशी अचानक ऊन तापलेलं, खोका दुपारभर दारात होता, दोन रोपांची माती पार सुकलेली. मेल केला तर दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं आणि दोन्ही बदलून दिली, एक पैसा न घेता. चांगली गोष्ट ही की ऑर्डर करायच्या आधी मी विचारलं होतं की रोपांवर निओनिकोटिनॉइड हे कीटकनाशक मारता का, त्यांनी स्पष्ट "नाही" असं लिहून दिलं. हे विचाराच, कारण हे औषध झाडाच्या रसात उतरतं, पराग आणि मधातही येतं, आणि मधमाश्यांसाठी म्हणून लावलेलं झाडच त्यांना विष पाजत बसतं.

आता झाड कसं आहे ते. पानं बघूनच मी प्रेमात पडले. लांब, अरुंद, गुळगुळीत, आणि मधल्या शिरेवर दुमडलेली, विड्याचं पान शीर धरून उभं दुमडावं ना तशी, वर टोकाकडे विळ्यासारखी मागे वळलेली. हात फिरवला तर अजिबात खरखर नाही. बाकी बऱ्याच गोल्डनरॉडची पानं खरखरीत असतात त्यामुळे ओळखायला ही खूण चांगली. एक मात्र सांभाळा, पहिल्या वर्षी ही रोपं हुबेहूब गवतासारखी दिसतात. माझ्या नवऱ्याने जूनमध्ये तण काढताना एक उपटलंच, नशिबाने मी बाजूलाच होते, लगेच परत लावलं आणि जगलं. तेव्हापासून प्रत्येक रोपाशेजारी आइस्क्रीमची काडी खोचून ठेवलीय.

पहिलं वर्ष, २०२२, काहीही होत नाही. खरंच काही नाही. एकही फूल नाही, वीतभर पानांचा झुपका, तोही सशांनी दोनदा कुरतडला, मग मी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी आणून गोल करून प्रत्येक रोपाभोवती लावली. ज्यांना लावल्या लावल्या फुलं हवीत त्यांनी झिनिया लावावी. हे झाड पहिलं वर्ष मुळं करण्यात घालवतं. २०२३ मध्ये दहापैकी सहा झाडांना तुरे आले. त्या वर्षी मी एक चूक केली, लाडाने कंपोस्ट घातलं, दोन टोपल्या, आणि झाडं भराभर वाढून ऑगस्टच्या पहिल्याच वादळात आडवी झाली. याला खत लागत नाही, सांगून ठेवते. गरीब मातीत ते कमरेएवढं, म्हणजे तीन फूट, ताठ उभं राहतं. २०२४ मध्ये मी काहीच घातलं नाही आणि तेव्हा ते खरं दिसलं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात फुललं ते. तुरा टोकदार नसतो याचा, सपाट असतो, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा वरून पसरट, आणि त्यात शेकडो छोटी छोटी फुलं, एकेक फूल म्हणजे मोहरीच्या दाण्याहून थोडं मोठं, सातआठ पाकळ्यांचं. हळदीचा रंग नाही, त्याहून उजळ, ऊन पडलं की लखलखतो. त्या वर्षी गौरी १० सप्टेंबरला आल्या. इथे तेरडा मिळत नाही, दरवर्षी मी दुकानातली शेवंती आणते, पण त्या दिवशी अंगणातले चार तुरे कापले आणि गौरींपुढे ठेवले. आई तेव्हा इथेच होती, तिने हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, "अगं ही तर सोनकीची बहीण." वनस्पतीशास्त्रात बघायला गेलं तर बहीण नाही पण कूळ एकच, सूर्यफुलाचं, त्यामुळे आईचं फार काही चुकलं नाही. २०२५ मध्ये गौरी ३१ ऑगस्टलाच आल्या तेव्हा नुसत्या हिरव्या कळ्या होत्या, तरी एक फांदी ठेवली.

आणि किडे! मला वाटतं या झाडाची खरी किंमत इथे आहे. इथल्या हवेत सप्टेंबर संपत आला की बाकी फुलं आटोपतात, आणि माश्यांना त्याच वेळी सगळ्यात जास्त गरज असते. भुंग्यांच्या, म्हणजे बंबलबींच्या, नव्या राण्या थंडीत जमिनीत जाऊन झोपायच्या आधी पोट भरून घेतात. मधमाश्यांना हिवाळ्याची बेगमी करायची असते. इथले मधपाळ सांगतात की गोल्डनरॉडचा मध पिकताना पोळ्याच्या पेटीला घामट मोज्यांसारखा वास येतो, नंतर तो जातो आणि मध छान होतो. मोनार्क फुलपाखरं याच दिवसांत मेक्सिकोकडे निघालेली असतात, मिचोआकानच्या डोंगरात जाऊन हिवाळा काढतात ती, आणि वाटेत अशाच फुलांवर थांबून पोट भरतात. गेल्या वर्षी २१ सप्टेंबरला सकाळी दहाच्या सुमारास मी चहा घेऊन बाहेर गेले तर एका तुऱ्यावर दोन मोनार्क, तीन भुंगे, आणि काळे ठिपके असलेले पिवळे-नारिंगी लांबट भुंगेरे, सोल्जर बीटल म्हणतात त्यांना, ते तर मोजताच येईनात. मी चहा तसाच हातात धरून उभी राहिले, गार झाला.

त्याच तुऱ्यावर एक माशी होती, बराच वेळ हलेना. वाकून बघितलं तर खाली एक कोळी, अंगठ्याच्या नखाएवढा, आणि पूर्ण पिवळा. फुलाचाच रंग! पुढचे पाय खेकड्यासारखे पसरून बसलेला आणि माशी तोंडात धरलेली. याला क्रॅब स्पायडर म्हणतात, तो जाळं विणत नाही, फुलावरच दबा धरून बसतो, आणि पांढऱ्या फुलावरून पिवळ्या फुलावर गेला की काही दिवसांत अंगाचा रंग बदलतो. मी मुलीला हाक मारली, ती आठ वर्षांची, ती पाऊण तास तिथून उठली नाही. हे मला टीव्हीवर दाखवता आलं नसतं.

आता अ‍ॅलर्जीचं. हा प्रश्न हमखास येतो म्हणून नीट लिहिते. शेजारच्या आजींना सप्टेंबरात शिंका येतात, त्यांनी आमची पिवळी फुलं बघितली आणि यामुळेच होतंय म्हणाल्या. त्यात कोणीतरी सोसायटीकडे, म्हणजे इथे एचओए असते, तिच्याकडे तक्रार केली आणि "उंच वाढलेलं तण काढा" असं पत्र आलं. मला खूप वाईट वाटलं, दोन दिवस झोप नीट लागली नाही. खरी गोष्ट अशी की गोल्डनरॉडचा पराग जड आणि चिकट असतो, तो वाऱ्यावर उडतच नाही, किड्यांच्या अंगाला चिकटूनच जातो, म्हणून तर एवढं भडक फूल लागतं किडे बोलवायला. शिंका आणणारं झाड वेगळं, रॅगवीड, ते नेमकं याच दिवसांत फुलतं, पण त्याची फुलं हिरवट, कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत, आणि पराग ढगासारखा वाऱ्यावर जातो. दिसतं ते पिवळं, म्हणून दोष त्याच्यावर. आपल्याकडच्या लोकांना एका वाक्यात समजावायचं तर रॅगवीड हे आपल्या गाजरगवताचं जवळचं नातेवाईक, तेच काँग्रेस गवत, जे १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि ज्याने किती जणांच्या अंगाला खाज आणि नाकाला पाणी आणलं. मी एचओएला उत्तर लिहिलं, शास्त्रीय नाव, फोटो, पाणी कसं जिरतंय ते सगळं. वाफ्याला दगडांची कड लावली, समोर गवताची दोन फुटांची पट्टी कापून ठेवायला लागले म्हणजे बघणाऱ्याला कळतं की हे मुद्दाम लावलंय. पुन्हा पत्र आलं नाही. आणि आजींना मी कुंपणापलीकडचं रॅगवीडचं झाड हातात धरून दाखवलं, त्यांच्याच गॅरेजच्या मागे होतं. त्यांनी ते काढून टाकलं, आणि यंदा स्वतः येऊन दोन तुरे मागून घेऊन गेल्या.

पाण्याबद्दल लिहायलाच हवं, कारण हे झाड जगेल की मरेल ते त्यावर ठरतं. रिडेल्स मूळचं फेन म्हणतात त्या जागेतलं आणि ओल्या गवताळ माळांवरचं. फेन म्हणजे नुसती दलदल नाही, तिथे जमिनीखालून झऱ्याचं गार पाणी सतत वर येत असतं आणि चुनखडीतून आल्यामुळे ते जड, म्हणजे क्षारयुक्त, असतं. मी हे वाचलं आणि डोक्यात दिवा लागला, कारण आमचा संप पंप काय फेकतो? जमिनीतलंच पाणी, गार, आणि इतकं जड की किटलीला आठवड्यात पांढरा थर चढतो. म्हणजे ज्या पाण्याला आम्ही वैतागलो होतो तेच या झाडाचं माहेरचं पाणी निघालं. पंपाच्या तोंडाशी लावलेली चार झाडं सगळ्यात भरली. वरच्या कोरड्या कडेला लावलेल्या दोघांची खालची पानं जुलैत पिवळी पडून गळतात, त्यांना आठवड्यातून दोनदा पाणी द्यावं लागतं. एक झाड शेजारच्या मेपलच्या सावलीत आलं ते उजेडाकडे कलून वाढतं, दरवर्षी काठीला बांधावं लागतं. लेबलवर "ऊन किंवा अर्धी सावली" लिहिलं होतं, माझ्या अनुभवाने ऊनच हवं, अर्धा तारा त्याचा कापला, आणि कुंडीत तर लावूच नका, एका मैत्रिणीने लावलं, ऑगस्टपर्यंत वाळून गेलं.

हे झाड मूळ जागी कसं दिसतं ते बघायचं असेल तर अर्बाना गावाजवळ सीडर बॉग आहे, आमच्याकडून तासाभराच्या आत पोचतो. नावात बॉग, म्हणजे पावसाच्या पाण्यावरची दलदल, असलं तरी ते फेनच आहे, हिमयुगाच्या शेवटी बर्फ मागे सरला तेव्हापासूनचं, आणि लाकडी फळ्यांच्या वाटेवरून आत फिरता येतं. आम्ही सप्टेंबरात गेलो, रिडेल्स आणि त्याची सख्खी शेजारीण ओहायो गोल्डनरॉड, दोन्ही फळ्यांच्या अगदी कडेला, खाली स्वच्छ पाणी झुळझुळतंय, मध्ये पांढऱ्या फुलांची ग्रास ऑफ पार्नॅसस. ओहायोत अशा पाणथळी एकेकाळी खूप होत्या, गेल्या दोनशे वर्षांत दहातल्या नऊ गेल्या, शेतीसाठी पाइप घालून सुकवल्या. मला अडीच हजार डॉलरला जो पाइप घालायला सांगितला होता तसाच. परत येताना गाडीत मी बराच वेळ काही बोलले नाही.

पसरण्याचं विचाराल तर रिडेल्स काशा सोडत नाही, जागच्या जागी झुपका मोठा होतो, चार वर्षांत दहाची साधारण सोळा झाली, तीही बी पडून, आणि नको तिथली सहज उपटता येतात. सोबत जांभळी न्यू इंग्लंड अ‍ॅस्टर आणि स्वॅम्प मिल्कवीड लावलीय, पिवळ्याशेजारी ते जांभळं काय खुलतं म्हणून सांगू. हिवाळ्यात वाळलेल्या काड्या कापू नका, फिंच पक्षी येऊन बी टिपतात, एप्रिलमध्ये कापल्या तरी चालतं. आणि कोपऱ्यात आता पाणी किती तुंबतं? पावसानंतर अजूनही ओल असते पण पूर्वी चारपाच दिवस डबकं राहायचं ते आता दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत जिरतं. सगळं श्रेय या एकट्याचं नाही, लव्हाळ्याच्या जातीची सेजही लावलीय, पण मुळं खोल गेलीत हे नक्की.

ज्यांना पैसे वाचवायचेत त्यांनी बियांपासून करा, अवघड नाही. बी फार बारीक असतं, त्यावर माती टाकायची नाही, नुसतं वर दाबायचं, आणि उगवायच्या आधी त्याला दोनेक महिने ओली थंडी लागते. मी दुधाचे प्लास्टिकचे कॅन मधोमध कापते, तळाला भोकं पाडते, चार बोटं माती, वर बी, टेप लावून जानेवारीत बाहेर बर्फात ठेवून देते, बाकीचं हवामान करतं. गेल्या हिवाळ्यातल्या दोन कॅनमधून एकतीस रोपं मिळाली.

यंदाचं बी या आठवड्यात पिकलंय, तुऱ्यांना राखाडी म्हातारीसारखा कापूस आलाय आणि बोटाने नुसतं टिचकावलं तरी उडतं. कागदी पाकिटांत भरून ठेवतेय, इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला घेऊन येईन, वीसेक पुड्या होतील. ज्यांच्या अंगणात पाणी साचतं त्यांनी भेटून घेऊन जा, पैसे नकोत. येताना तो कोपरा किती मोठा आहे आणि त्यावर दुपारचं ऊन येतं का तेवढं बघून या, म्हणजे किती बी द्यायचं ते मला सांगता येईल.